आईचं वय उणे चाळीस

"वाचू नका, शोधा!" असं लाल अक्षरात छापून, खाली हाताची घडी घातलेला स्वतःचा फोटो लावून, वर लॅमिनेशन करून जो माणूस पोरांना तक्ता विकतो, त्याला आमच्या सोलापुरात सर म्हणतात. मीही म्हणायचे. त्याच्या क्लासमध्ये मी दहावीला बीजगणित शिकवत होते. मग सोडलं. तो सांगतो, काढून टाकलं. दोन्ही खरं आहे. तो मला काढणार हे कळलं त्याच सकाळी मी किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली.

भांडण त्या तक्त्यावरूनच झालं. शाब्दिक उदाहरणं म्हटली की पोरं घाबरतात, म्हणून ह्या महाशयांनी तोडगा काढला की उदाहरण वाचायचंच नाही. नुसते शब्द हुडकायचे. 'एकूण', 'मिळून', 'जास्त' दिसलं की अधिक. 'कमी', 'उरले' दिसलं की वजा. 'पट' दिसलं की गुणिले. सापडलेल्या चिन्हांच्या मधे x आणि आकडे खोचून द्यायचे, झालं समीकरण तयार. मी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, मग पोरांना मराठी तरी कशाला शिकवायचं? तो विषयच बंद करू की." आणि वर मीच मोठ्यानं हसले. ते त्याला लागलं. लागायलाच पाहिजे होतं.

आता ह्या उदाहरणांतल्या माणसांबद्दल मलाही काडीचं प्रेम नाही. ह्यातल्या एकाही बापाला लेकाचं वय सरळ सांगता येत नाही. एक जण टाकी खालून गळत असताना वर दोन नळ सोडून बसतो आणि आपल्याला विचारतो, टाकी कधी भरेल? अरे बाबा, आधी खालचं बूच लाव की! पण ह्या येड्यांच्या गोष्टीतून उठून x पर्यंत जायची जी एक पायरी आहे, तेच खरं बीजगणित. पुढची आकडेमोड म्हणजे भाजी चिरणं, हात बसला की कुणालाही जमते. आणि ह्या माणसानं नेमकी तीच पायरी काढून टाकली होती आणि त्याची फी घेत होता.

त्याची एक विद्यार्थिनी आमच्याच गल्लीत राहायची. घरी तेलुगू, शाळेत मराठी, विणकरांच्या पूर्व भागात असतं तसंच. वडील भिवंडीला लूमवर, आई घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. पोरगी मार्चमध्ये दहावीला बसली आणि गणितात गेली. बाकी सगळ्या विषयांत चांगली पास. आई विचारायला क्लासवर गेली, तर हा गृहस्थ खुर्चीतून न उठता म्हणाला, "अहो, हिचं डोकं बीजगणिताचं नाहीच. उगाच कशाला ओढताय? मशीनवर बसवा हिला, घराला हातभार लागेल." वर्षभर हिला त्यानंच शिकवलं होतं, बरं का. डोकं कशाचं आहे ते त्याला निकालानंतर दिसलं.

आईनं त्याचं ऐकलं. सरच म्हणतायत म्हटल्यावर तिचं तरी काय चुकलं? आठवड्याभरात गणवेशाच्या कारखानदाराकडून दुसरं मशीन आलं. खिडकीपाशी ठेवलं आणि त्याच्यावर जुनी चादर टाकली. मायलेकींचं ठरलं, जुलैच्या पुरवणी परीक्षेत गणित सुटलं तर अकरावी. नाही सुटलं तर चादर काढायची. पोरगी जिन्यात माझ्यासमोर उभी राहून हे सांगताना रडायला लागली. "मॅडम, मला मशीनवर नाही हो बसायचं. मला अकरावी करायचीय." मी तिथंच शिकवायला हो म्हटलं. त्यात कणव होतीच, पण त्या माणसावरचा राग जास्त होता, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

शिकवणी तिच्याच घरी ठेवली. माझ्या घरावर पत्रे आणि महिना मेचा. त्यांच्याकडे कूलर होता. पहिल्या दिवशी मी तिला एक साधं उदाहरण दिलं: मुलीचे वय आईच्या वयापेक्षा २४ वर्षांनी कमी आहे. आणखी ४ वर्षांनी आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल. तर दोघींची आजची वयं काढा.

पोरीनं दप्तरातून तो तक्ता काढला. तिनं 'कमी'वर बोट ठेवलं, तक्त्यावर वजा बघितलं आणि लिहिलं: मुलगी x, आई x − २४. तिथून पुढं तिचं एक पाऊल चुकलं नाही. सुबक अक्षरात पायऱ्या उतरत गेली आणि शेवटी चौकट आखून उत्तर मांडलं. मुलीचे वय उणे सोळा वर्षे. आईचे वय उणे चाळीस वर्षे.

"अगं, उणे चाळीस वर्षांची आई म्हणजे काय?"

"म्हणजे अजून जन्मायची आहे."

"आणि मुलगी?"

"तीपण."

"आधी कोण जन्मणार?"

तिनं बोटं मोजली. "मुलगी. आई तिच्यानंतर चोवीस वर्षांनी."

मी वाट बघत होते, आता हसेल, मग हसेल. ती कसली हसतेय! "गणितात असं येतं की, मॅडम," मलाच धीर देत ती म्हणाली. "सरांनी सांगितलंय, वय उणे आलं तर चिन्ह काढून टाकायचं." आणि दोन्ही उणे खोडून टाकले. "मुलगी सोळा, आई चाळीस. बघा, चोवीसचा फरकपण येतोय. आणि मॅडम, मीपण सोळाची आणि अम्मा चाळीसची!" तिचा चेहरा फुलून आला होता.

चुकीच्या उत्तराचा मला कधी राग येत नाही. पण हे उत्तर चुकीचं असून वर धुतल्या तांदळासारखं दिसत होतं. म्हणजे ह्या माणसानं नुसतं चुकायला शिकवलं नव्हतं, चूक झाकायलाही शिकवलं होतं. हलकट! मी एकटीच असते तर ह्याहून वाईट बोलले असते.

"बरं," मी म्हटलं. "तू सोळाची, अम्मा चाळीसची. चार वर्षांनी?"

"मी वीस, अम्मा चव्वेचाळीस."

"आणि उदाहरण काय म्हणतंय? चार वर्षांनी काय होईल?"

तिनं उदाहरण वाचलं. पहिल्यांदा, अख्खं. "आईचं वय मुलीच्या तिप्पट."

"विसाची तिप्पट?"

"साठ."

मागं मशीनची खडखड थांबली. "कोण साठ?" आईनं विचारलं.

"तुम्ही. चार वर्षांत."

"अय्यो! चार वर्षात मी साठ? कोण सांगितलं?"

"क्लासच्या सरांनी."

"त्याचं त्यालाच वय काढायला लावा आधी, मेल्याला!" आई कात्री हातात घेऊनच उठली. आणि पोरगी खो खो हसायला लागली, वहीवर डोकं ठेवून हसली. डोळे पुसत पुसत तिनं वही पुन्हा पुढं ओढली. "थांबा मॅडम. मुलगी कमी आहे, म्हणजे आई जास्त आहे की हो!" तिनं आई x + २४ लिहिलं. मुलगी आठ आली, आई बत्तीस. चार वर्षांनी बारा आणि छत्तीस. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बसलं."

तक्ता मी फाडायला गेले तर फाटेना. लॅमिनेशन मात्र इमानदारीचं केलं होतं त्यानं. आईनं माझ्या हातातून घेतला आणि कापून शर्टाच्या खिशाचा साचा केला. त्या दिवसापासून शहरातल्या कितीतरी पोरांचे खिसे सरांच्या घडी घातलेल्या हातांवरून आखले गेले.

मग आमचा नियम ठरला. पेन उचलायच्या आधी अख्खी गोष्ट अम्माला तेलुगूत सांगायची, एकही आकडा न घेता. अम्मा शिवता शिवता ऐकायची आणि त्या माणसांवर तोंडसुख घ्यायची. नावाडी उलट्या पाण्यात कशाला गेला? बापाला पोराचं वय ठाऊक नाही, मग शाळेत घातला कसा? पोरगी वैतागायची. "अम्मा, गप की! टाकीवाल्यानं असंच केलंय, मी काय करू?" पण आईशी भांडायचं तर गोष्ट नीट कळायला लागते. भांडून झालं की मगच x. आणि उत्तर आलं की ते पुन्हा त्या माणसांच्या घरी नेऊन बघायचं, राहतंय का तिथं.

सगळे दिवस असे मजेत गेले असं नाही. जूनमध्ये कारखानदाराचा माणूस येऊन विचारून गेला, मशीन कधी चालू करताय? त्या संध्याकाळी पोरीला काहीच सुचेना. 'कमी म्हणजे वजा, कमी म्हणजे वजा,' असं पुटपुटत राहिली. मी ओरडले तिच्यावर. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही, खिडकीकडं पाहिलं. मी वही मिटली आणि चहा टाकायला सांगितला.

पेपर झाल्यावर ती घरी आली. आधी अम्माच्या मशीनपाशी बसून पेपरातली एकेक गोष्ट तेलुगूत सांगितली. अम्मानं सुईदोऱ्यावरून नजर न काढता मान हलवली आणि मला म्हणाली, "या वेळची माणसं जरा बरी दिसतायत, बाई."

निकाल लागला. पास. मी भोकाड पसरून रडले, त्यात लपवायचं काय? आई रडली नाही. तिनं कारखानदाराला फोन करून सांगितलं, मशीन घेऊन जा.

ते न्यायला माणूस यायच्या आधी सर आले. पेढ्यांचा पुडा, हातात मोबाईल आणि तोंडभर हसू. "आमच्या विद्यार्थिनीचा फोटो पाहिजे. फ्लेक्स लावतोय चौकात." मला बघून म्हणाले, "अरे वा, मॅडम, तुम्ही इथं कशा?"

"कूलर आहे," मी म्हटलं.

"फोटो व्हय? काढा की," आई म्हणाली. उठली, खिडकीपाशी गेली आणि मशीनवरची चादर एका झटक्यात ओढून काढली. "बस गं." पोरगी स्टुलावर बसली, मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि ताठ मान करून सरांकडं बघायला लागली. "तुमीच बोलला होता ना सर, हिला मशीनवर बसवा म्हणून? बसवली बघा. आता काढा फोटो. आणि खाली तेच छापा, तुमी जे बोलला होता ते."

सरांचा मोबाईल वर गेलेला तसाच राहिला. मग त्यांना खिशाचा साचा दिसला. त्यावर 'वाचू नका' एवढंच उरलं होतं आणि एक कोपर.

"नाही, म्हणजे... मागून उजेड येतोय," ते म्हणाले. "फोटो नीट येणार नाही."

"सर, बसू का उठू?" पोरीनं विचारलं. "मला अकरावीच्या ॲडमिशनला जायचंय."

सर चप्पल शोधत जिना उतरले. पुडा टेबलावर राहिला. पेढे मात्र चांगले होते, मी तीन खाल्ले.