हळद लागलेल्या रेकॉर्डी

"कान माझं हायेत. गावकीनं टोचलेलं नायत."

असं म्हणून ती उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची आणि समोरच्याच्या तोंडापुढे ओढून दाखवायची. कानात सोन्याची जड कुडी. पाळी इतकी लांब यायची की लहानपणी मला वाटायचं, आता तुटणार. ती कधी तुटली नाही. समोरचा माणूस मात्र बहुतेक वेळा काढता पाय घ्यायचा.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. गावाला ती नको असते आणि तिच्यावाचून गावाचं पानही हलत नाही. आमच्या बोनकोड्यात तिला लहानथोर सगळे बायच म्हणत. बाय धवलारीण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण नसली तर चालत नाही. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी. एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, तेव्हा कुठे नवरीच्या अंगाला हळद लागते. ती एक ओळ टाकते आणि भोवती बसलेल्या बायका ती उचलतात. बायचे धवले तिच्या सासूकडून आलेले. कागदावर कुठेच नव्हते, सगळे तिच्या घशात होते. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्यानंतर ते कुणाच्या घशात जाणार हा प्रश्नच होता.

आणि हीच बाय जॅझच्या जुन्या रेकॉर्डी जमवायची. हसा, हसा. आधी मीही हसले होते.

तेव्हा वाशीला पूल नव्हता. बाय खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, टोपलीत बांधून होडीनं मानखुर्दच्या बाजूला उतरायची आणि तिथून मुंबई गाठायची. समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात मागच्या दारानं तिचा माल जाई. दुपारी आत बँडवाल्यांचा सराव चाले. एकदा ती टोपली खाली ठेवून ऐकत उभी राहिली ती राहिलीच. टोपलीची दोरी सुटली, चिंबोऱ्या भटारखान्यात शिरल्या आणि आचारी टेबलावर चढला. बाय म्हणाली, "थांब रं, उतरू नको. त्याची ओल पुरी होऊ दे." ओल म्हणजे ओळ, आत वाजवणाऱ्याची.

घरी येऊन तिनं माझ्या आईला सांगितलं, "तिकरं एक पिपानीवाला हाय. तो टाकतो आन बाकीचं उचलतात. आपल्यासारकंच गो."

मग ती जुन्या बाजारात जाऊ लागली. साहेब लोक देश सोडून गेले, लढाईतले गोरे-काळे सोल्जर गेले, त्यांच्या रेकॉर्डी तिथे भंगारात पडलेल्या असत. एक कर्ण्याचा, चावीचा फोनोही तिनं तिथूनच डोक्यावरून आणला. अक्षर तिला एक येत नव्हतं, म्हणून दुकानदाराला ती प्रत्येक रेकॉर्ड वाजवून दाखवायला लावायची. गडी वैतागायचा. तिची परीक्षा एकच. एकानं टाकलेलं दुसरा उचलतो की नाही? नसेल उचलत तर म्हणायची, "येकलाच वरडतोय. ठेव तुझ्याकरं." पास झालेली रेकॉर्ड घरी आली की तिच्या मधल्या कागदावर ती हळदीचं बोट ओढायची. "हलद लागली. आता ही या घरची."

एका रेकॉर्डीवर कुणी काळी बाई गायची. बायला तिचं नाव ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, "ही तिकरची धवलारीन. हिनं लई लग्नां लावलीत, आन येकांदं मोरलेलं पन पायलंय." आजवर त्या आवाजाबद्दल याहून खरं काही मी ऐकलं नाही.

फजितीही व्हायची. एकदा येताना होडीत लाट आली आणि नव्या रेकॉर्डी भिजल्या. आता आमच्याकडे भिजलेल्या वस्तूचं काय करतात? उन्हात टाकतात. बायनं अंगणात जवळा वाळत घातला होता, त्याच्याच शेजारी रेकॉर्डी मांडल्या. दुपारपर्यंत त्या मऊ पडून कडेनं वर वळल्या. प्रत्येकीचा वाडगा झाला! बायचा नवरा मिठागरावर कामाला होता, अबोल माणूस. फोनोची चावी फिरवायची आणि सुई संपली की बाभळीचा काटा तासून द्यायचा, एवढंच त्याचं संसारातलं बोलणं. तो त्या दिवशी इतका हसला की त्याला ठसका लागला. बाय दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग त्या वाडग्यांत तिनं लग्नाच्या सुपाऱ्या ठेवायला सुरुवात केली.

गावानं हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण एका वर्षी खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी भातात शिरलं. अख्खं पीक गेलं. माणसाला अशा वेळी कुणीतरी दोषी लागतं. माझा काका तेव्हा गावकीचा मुख्य होता. चावडीवर बसून त्यानं निकाल दिला. ज्या तोंडानं देवांना बोलवायचं त्याच बाईच्या घरात साहेबाचा बँड वाजतो, म्हणून देव रुसले. रेकॉर्डी खाडीत बुडवायच्या. नाहीतर बायला कुणी धवल्याला बोलवायचं नाही.

बायनं आधी कानाची पाळी ओढून दाखवली. मग म्हणाली, "बांद चिंबोऱ्यांनी पोखरला, गान्यानं नाय. आन चिंबोऱ्या धरते कोन? मी. तू तर नुसत्या खातोस."

चावडीवर दोघंतिघं हसले. काकाला ते हसणं जास्त झोंबलं असावं. बंदी पक्की झाली.

पुढे लग्नं आली, लग्नं गेली. शेजारच्या गावातून दुसरी धवलारीण यायची. बिचारी वाईट नव्हती, पण अर्धे देव विसरायची. तिचं गाणं चालू असताना बाय फोनोला हात लावायची नाही. "दुसरीची ओल चालू असताना आपन तोंड घालू नये," म्हणायची आणि दारात बसून कान देऊन ऐकायची. एखादा देव राहिला की तिचे ओठ हलायचे. मी ते पाहिलं आहे, आणि मला तेव्हा काकाचा इतका राग आला होता की काय सांगू! इतर दिवशी मात्र दुपारची जेवणं झाली की ती फोनोचा कर्णा चावडीच्या दिशेनं वळवायची. एकच रेकॉर्ड, रोज. नवरा मुकाट्यानं चावी फिरवायचा. चावडीवरची माणसं कूस बदलून झोपायचा प्रयत्न करायची.

ती रेकॉर्ड कशी मिळाली ते सांगते. जुन्या बाजारात बायनं ती ढिगातून उपसली, आणि पलीकडून एका माणसानं त्याच रेकॉर्डीला हात घातला. बघते तर हॉटेलातला पिपाणीवाला! गोव्याचा माणूस. लहानपणी कुणा पाद्र्याच्या घरी त्यानं ती एकदाच ऐकली होती. तेव्हापासून अर्धीच चाल त्याच्या डोक्यात होती आणि उरलेली अर्धी तो जन्मभर आपल्या मनानं भरत आला होता.

"बाई, माका दी गे ही. मी किती वर्सां सोधतां हिला," तो म्हणाला.

"देनार नाय," बाय म्हणाली. "आयकायला ये. बोनकोडे."

आणि तो आला की हो! रविवारी, पांढरी विजार घालून, हातात पिपाणीची पेटी. होडी लागली तेव्हा ओहोटी होती. गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला, पण पेटी डोक्यावर धरून होता. बायच्या ओटीवर बसून त्यानं रेकॉर्ड ऐकली, पुन्हा लावायला सांगितली, आणि तिसऱ्या वेळेला रडायला लागला. इतकी वर्षं त्यानं भरलेली अर्धी चाल साफ वेगळी होती. बाय त्याला म्हणाली, "रडतोस कनाला? तुझी पन बरी होती. मी आयकलीय."

जाताना त्यानं पुन्हा मागितली. बायनं हळदीचं बोट दाखवलं. "हलद लागली, दादूस. आता जन्मात नाय." मग तो अधूनमधून रविवारी येऊ लागला. बाय त्याला धवले ऐकवायची आणि तो पिपाणीवर हळूच उचलायचा. बंदी आल्यापासून तिचं गाणं उचलणारा तो एकटाच होता. बाय मला एकदा म्हणाली, "पोरी, उचलनारा नसंल तर गानं कुजतं गो." तिचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे पाहिलं, कारण बायला रडताना कुणी पाहिलेलं खपायचं नाही.

अशात माझं लग्न ठरलं.

काकानं शेजारच्या धवलारणीला सांगावा धाडला. मी म्हटलं, बाय नसेल तर मी पाटावर बसणार नाही. आईनं कपाळावर हात मारला. काका म्हणाला, "रेकॉर्डी बुडव म्हनावं, मग ये म्हनावं." हळदीच्या सकाळी मी स्वतः बायकडे गेले. म्हटलं, "बाय, मागच्या दारानं ये. पडवीत बसून गा. काकाला कळायचं नाही."

बाय चुलीपुढून उठली. "मागच्या दारानं मी चिंबोऱ्या नेते," ती म्हणाली. "धवला पुरच्या दारानं."

मी परत आले. पाहुणे आलेले, आईची अब्रू पणाला लागलेली. शेवटी बसले पाटावर. बसले म्हणजे आईनं दाबून बसवलं. दुसऱ्या धवलारणीनं गणपतीची पहिली ओळ टाकली.

कुणी उचलली नाही.

तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिनं पुन्हा टाकली. मांडवात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, सगळ्या गाणाऱ्या. एकीनंही ओठ उघडले नाहीत. मी मान वळवून आईकडे पाहिलं. जिनं मला दाबून बसवलं होतं ती माझी आई तोंड घट्ट मिटून समोर बघत होती. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, शपथेवर सांगते. इतके दिवस त्या उचलत आल्या होत्या, आज नाही उचललं.

काका गरजला, "गा की! थोबारं शिवलीत का?"

तेव्हा ती परगावची धवलारीणच उठली. पदर खोचून म्हणाली, "माझं कोन उचलीत नाय. जिचं उचलतात तिला आना. उगाच देवांना ताटकलत ठेवू नका."

हळदीची वाटी माझ्यापुढे तशीच. वराकडची माणसं कुजबुजायला लागली. काकानं टोपी डोक्यावर घट्ट केली आणि तो निघाला. बायच्या पुढच्या दारात तो उभा राहिला, हे आमच्या अख्ख्या आळीनं पाहिलं. योगायोगानं रविवार होता आणि पिपाणीवाला ओटीवर बसला होता.

"चल," काका म्हणाला.

"रेकॉर्डी?"

"राऊ दे."

"मोट्यानं बोल. मला कमी आयकू येतं."

"राऊ दे म्हनतो ना!" काका ओरडला.

बाय आली. पुढच्या दारानं, नवी साडी नेसून, केसांत फूल घालून. तिनं ओळ टाकली आणि बायकांनी ती अशी उचलली की मांडवाच्या झावळ्या हलल्या. एकही देव राहिला नाही. मला हळद लागली तेव्हा मी रडत होते, आणि सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून.

हळद झाल्यावर बायनं मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या पिपाणीवाल्याला खूण केली. "दादूस, आता तू टाक." त्यानं काकाकडे पाहिलं, घाबरत पिपाणी ओठाला लावली आणि त्या रेकॉर्डीतली पहिली ओळ टाकली.

आणि बायकांनी ती उचलली! शब्द नव्हते, नुसते आ-ऊ, पण पुरी चाल. चावडीकडे तोंड करून रोज दुपारी वाजलेली ती रेकॉर्ड अख्ख्या गावाच्या कानात मुरली होती. पिपाणीवाल्यानं दुसरी ओळ टाकली, तीही उचलली गेली. मग मी नीट पाहिलं. खांबाला टेकून उभ्या असलेल्या काकाच्या टाचा ताल धरत होत्या. त्याला विचारलं असतं तर त्यानं नाकबूल केलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

त्यानंतर बाय प्रत्येक लग्नाला गायली. मी सासरी, पावणे गावाला गेले तरी माहेरी आले की ती मला समोर बसवून धवले म्हणून घ्यायची. चुकले की कान पिळायची, माझा. पुढे हॉटेलातला बँड मोडला आणि पिपाणीवाला गोव्याला परत गेला. रेकॉर्ड त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. जाताना मला म्हणाला, "बाईन दिली आसती जाल्यार मी एकदाच आयलो आसतो."

बाय गेली ती ताप येऊन, दोन दिवसांत. मला निरोप मिळून मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. दहाव्याच्या आदल्या दिवशी काका आला. म्हातारा झाला होता, आवाजही मऊ झाला होता. ओटीवर टेकून तो बायच्या नवऱ्याला म्हणाला, "ती गेली. आता हे सामान कुनाला? उद्या खाडीवर जायचंच हाय, तवा या रेकॉर्डी पन सोडून दे. तिचं तिच्याबरोबर जाऊ दे."

आम्ही बायका भिंतीला लागून बसलो होतो. तो जन्माचा अबोल माणूस उठला. त्यानं आपल्या उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि काकाच्या तोंडापुढे ओढली. कुडी नव्हती, नुसती पाळी.

"कान माझं हायेत," तो म्हणाला.

मग तो आत गेला. चावी फिरल्याचा आवाज आला, कर्णा दारातून बाहेर वळला. त्या रेकॉर्डीची पहिली ओळ अंगणात आली. सुतक होतं. सुतकात आमच्याकडे गात नाहीत. काका माझ्याकडे बघत होता.

मी ती ओळ उचलली.