जुन्या स्टँडमधल्या उड्या

कपाट आवरताना एका स्पॅनिश फुटबॉल क्लबने भेट पाठवलेला निळा मफलर हाती लागला आणि डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या घरातला तो रविवार आठवला. त्या क्लबच्या स्टेडियमचं नूतनीकरण चालू होतं. तिथल्या लोकांच्या आजोबांच्या पिढीने उभं राहून मॅच बघायला बांधलेला प्रेक्षकांचा स्टँड कामाच्या काळात खुला ठेवायला हरकत नाही, असं आमच्या डब्लिनच्या ऑफिसातून स्ट्रक्चरल इंजिनीअर म्हणून मीच सही करून कळवलं होतं. मुलीने टीव्हीवर तिथलीच मॅच लावली. गोल झाला आणि तो अख्खा स्टँड, तिथल्या जुन्या रीतीप्रमाणे, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून एका तालात उड्या मारू लागला. माझ्या हातातला चहा सांडला. माणसांचं वजन मी हिशेबात धरलं होतं. उड्यांचे धक्के धरले होते का, ते काही केल्या आठवेना. “ममी, दे आर ग्रँड! चिल!” मुलगी तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, म्हणजे त्यांना काही होत नाही. “ते नाचतायत त्या काँक्रीटखाली माझी सही आहे,” म्हणत मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. रिपोर्टच्या अकराव्या पानावर धक्के धरलेले सापडले, माझ्याच आकडेमोडीत. तरी दुसऱ्या गोलाला मी डोळे मिटून घेतले. आता तिथे नवं छतही आलंय. त्या मैदानावरची मॅच लागली, की मी अजूनही भांडी घासायला घेते.