आमच्या साडूंचं नापास मेयोनीज

पुण्यात नावं ठेवणाऱ्या माणसांची टंचाई कधीच नव्हती. दर दोन घरांमागे एक तरी जाणकार सापडतोच. पण या सगळ्या जाणकारांना एका रांगेत उभं करून आमच्या साडूंना समोर आणलं, तर साडू आधी रांग वाकडी आहे म्हणतील आणि बाकीचे मुकाट्याने घरी जातील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणसाला मित्र निवडता येतात, बायकोही थोडीफार निवडता येते, साडू मात्र साडीच्या दुकानातल्या पिशवीसारखा सोबत येतो. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ अक्षता हातात धरून मांडवाच्या एका खांबाकडे बघत उभे होते. खांब कलला आहे आणि तो पडणार, असं त्यांनी शेजारच्या चौघांना सांगून ठेवलं होतं. खांब पडला नाही, याचं त्यांना आजही वाईट वाटतं. आहेर काय दिला ते मात्र ते विसरले आहेत, मी विसरलेलो नाही.

पिंपरीकडच्या एका कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं माल तपासला. सुटा भाग हातात घ्यायचा, व्हर्नियरने मोजायचा आणि परत पाठवायचा. नापास मालाला लाल पुठ्ठ्याचा टॅग बांधायचा, पास मालाला हिरवा. टॅगवर लॉटचा नंबर, कारण आणि सही. हिरव्या टॅगवर सही करण्याआधी ते माल आणखी तीनदा मोजायचे, असं त्यांच्या खात्यातले लोक सांगत. मग देशाची दारं उघडली, कारखाना कुठल्याशा परदेशी कंपनीने घेतला, नव्या साहेबांनी आधी भिंतींना रंग दिला आणि मग जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती. निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं असं आढळल्यावर साडूंनी त्याला लाल टॅग बांधून ते परत नेऊन दिलं. येताना टॅगांचे दोन गठ्ठे, एक लाल आणि एक हिरवा, लेखी परवानगीने घरी आणले. आलेल्या पैशातून वारज्याला फ्लॅट घेतला आणि तिथे त्यांचं खरं कार्य सुरू झालं.

सोसायटीच्या लिफ्टला लाल टॅग. गळक्या नळाला लाल टॅग. खालच्या मजल्यावरच्या तरुणाने रेषेबाहेर लावलेल्या मोटरसायकलला असा टॅग की तो बिचारा पोलिसांत जाऊन चौकशी करून आला. आम्ही कसब्यातून स्कूटरवर त्यांच्याकडे पोचलो की पाणी विचारायच्या आधी ते खाली येऊन टायर दाबून बघत. "हवा कमी आहे," असं म्हणत आणि समाधानाने वर जात. भाजीवाली त्यांना लांबून पाहून टोपलीवर फडकं टाके. असा माणूस एखाद्याच्या नशिबी सकाळ-संध्याकाळ जेवायला असेल तर काय होईल ते ताईंना विचारावं. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी. तीस वर्षं त्यांनी रांधलं आणि तीस वर्षं समोरून निकाल ऐकला. "परवाच्यापेक्षा बरी आहे. चांगली नव्हे." ही आमटीबद्दलची सर्वोच्च स्तुती. एकदा, निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी, गृहस्थांनी आमटीच्या पातेल्याच्या कानाला टॅग बांधला, कारण : आंबट. त्या संध्याकाळी चूल पेटली नाही आणि साडूंनी डब्यातला चिवडा खाल्ला. तेव्हापासून स्वयंपाकाचे निकाल तोंडी देण्याची पद्धत पडली.

त्यांची मुलगी इंजिनिअर होऊन खराडीच्या एका आयटी कंपनीत लागली. पहिल्या पगाराचं म्हणून ती आईवडिलांना तिकडच्या एका चकचकीत कॅफेत घेऊन गेली. तिथे साडूंनी खुर्चीचा एक पाय आखूड असल्याचं सिद्ध केलं, आणि ताईंनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आयुष्यात प्रथम मेयोनीज खाल्लं.

"हे पांढरं काय गं?"

"मेयो, आई."

"हे नुसतं वाटीत मिळेल का?"

त्या दिवसापासून ताई बिघडल्या. थालीपीठावर लोणी घालणारी बाई थालीपीठावर मेयोनीज घालू लागली. साबुदाणा वड्याबरोबर, ब्रेडबरोबर, काकडीबरोबर, एकदा तर मी स्वतः पाहिलं, पुरणपोळीच्या काठाबरोबर. साडू हताशपणे बघत राहिले. "आम्ही हे बेअरिंगला लावायचो," ते मला म्हणाले, "पण तिथे डब्यावर ग्रेड तरी लिहिलेली असायची." मुलगी म्हणाली, "बाबा, चिल. सगळं जग खातं." "म्हणूनच जगाची ही दशा आहे," साडू म्हणाले. मला हा माणूस आवडत नसला तरी त्या वाक्याशी मी मनातून सहमत होतो.

पुढे ताईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. घरी आल्या त्या आहाराचा एक तक्ता घेऊन. तेल चमच्याने मोजून, मीठ नावाला, लोणी नाही, अंड्याचा बलक नाही, तळलेलं नाही. तक्ता साडूंनी स्वयंपाकघरात पट्टीने सरळ लावला. पण ताईंचं खाणंच सुटलं. चार घास मऊ भात, की ताट बाजूला. बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पोटात काही गेलं नाही तर नुसत्या औषधांनी अंगात ताकद येणार नाही. आम्ही भेटून परतलो त्या दिवशी स्कूटरवर मागे बसलेली माझी बायको वारज्याच्या पुलापासून घरापर्यंत स्वतःच्या बांगड्या मागेपुढे सरकवत होती. मला गाडीच्या टायरात हवा आहे की नाही ते कळत नव्हतं.

मुलीने एकदा बसून विचारलं, "आई, काहीतरी सांग. काय खावंसं वाटतं?" ताईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "ते पांढरं."

बाटलीवरचं बारीक अक्षर साडूंनी भिंगाखाली वाचलं. तेल, बलक, मीठ. तक्त्यात जे जे नको तेच नेमकं भरलेलं. त्यांनी बाटली पुन्हा फडताळात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या माणसाला घरातली साखर कुठे असते ते माहीत नव्हतं, तो ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. हे मी प्रेमाने सांगतो आहे असं समजू नका. हा प्रकार बघवत नसे. लॉट नंबर एक कॉर्नफ्लोअर शिजवून केलेला. त्याने पुस्तकं बांधता आली असती. लॉट दोन उकडलेल्या दुधीचा, रंग सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा. लॉट तीनमध्ये त्यांनी मोहरी फेसून घातली, आणि चव बघायला नेमका मी होतो. ती मोहरी माझ्या नाकातून जी वर गेली ती टाळूपाशी जाऊन थांबली. डोळ्यांतून पाणी वाहत असताना हे गृहस्थ वही उघडून विचारत होते, "किती सेकंदांनी लागली?"

मग ते चक्क्यावर आले. साय काढलेल्या दुधाचं दही पंच्यात बांधून नळाला टांगायचं. सकाळी आंघोळीआधी वजन, आंघोळीनंतर वजन. चक्का दोनदा गाळायचा, फेसलेली मोहरी चिमूटभर, लिंबू, मिरपूड, साखरेचे चार दाणे. तक्त्यात ताईंना दिवसाला जे तेल मंजूर होतं त्यातलं एक चमचा तेल त्यांनी या कामासाठी राखून ठेवलं. ते डोळ्यांच्या औषधाचा ड्रॉपर उकळून घेऊन त्याने थेंब थेंब सोडायचं, आणि घोटायचं एकाच दिशेने. मध्ये कोणी बेल वाजवली तर दार उघडत नसत. मी एकदा पंधरा मिनिटं जिन्यात उभा होतो. दार उघडल्यावर माफी नाही, काही नाही. "आता आलात ते बरं केलंत," म्हणाले, "आधी आला असतात तर फुटलं असतं." आठवड्यातून दोन लॉट, मंगळवारी आणि रविवारी.

तपासणी ताई करीत. हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. साडू वाटी समोर ठेवत, बाजूला काकडीचे काप, भाजलेल्या भाकरीचे तुकडे, उकडलेलं गाजर, आणि एक कोरा लाल टॅग व एक कोरा हिरवा. ताई उशीला टेकून सावकाश खात. एक काप, थोडं थांबून दुसरा. साडू समोर हात मागे बांधून उभे, कारखान्यात त्यांच्यासमोर कामगार उभे राहत असतील तसे. मग ताई पेन मागत आणि लाल टॅगवर लिहीत. "पाणचट." "लिंबू पुढे पुढे करतं." "परवाच्यापेक्षा बरं. चांगलं नव्हे." हे शेवटचं वाचताना साडूंचा चेहरा बघण्यासारखा होई, आणि तो बघायला म्हणून मी खरं तर रविवार चुकवत नसे. तीस वर्षांचं फळ एका वाटीत मिळताना बघायला कोणाला आवडणार नाही? टॅग वाटीला बांधून, वाटी फ्रिजमध्ये, वहीत नोंद, आणि पुढच्या लॉटची तयारी.

असे चार महिने गेले. बत्तिसाव्या लॉटच्या रविवारी ताई आतल्या खोलीत माझ्या बायकोशी बोलत होत्या आणि साडू गॅलरीत पंचा वाळत घालत होते. फ्रिजमधून पाणी घेताना मला ती टॅग बांधलेली वाटी दिसली. कारण लिहिलं होतं : दाट. मी बोट बुडवून चाटलं. माझ्या मनाला फार लागलं, पण ते उत्तम होतं. गुळगुळीत, थंड, मागून हलकी मोहरी. मी पुन्हा बोट बुडवलं. मग न राहवून गॅलरीत गेलो.

"अहो, हे झालंय की. चांगलं झालंय."

साडूंनी पंच्याचे कोपरे जुळवले. "सातव्या लॉटलाच झालंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तेव्हापासून एका थेंबाचा फरक नाही."

"मग ताई रिजेक्ट का करतात?"

"ते तिचं तिला माहीत."

"आणि तुम्ही ऐकून घेता? तुम्ही?"

त्यांनी पंच्याला चिमटा लावला. मग म्हणाले, "रिजेक्ट करायला आधी खावं लागतं. सहा काप काकडी, एक गाजर, अर्धी भाकरी, चक्का. ओके म्हणाली की संपलं. मग ते रोजचं खाणं झालं, आणि रोजचं ती खात नाही." आणि मग, जणू मीच काही चुकीचं मोजलं होतं अशा स्वरात, "दोन किलो वाढलीय. दवाखान्यातला काटा तपासून घेतला मी."

या माणसाने सत्तावीस वर्षांत चुकीचा शेरा कोणाचा चालवून घेतला नव्हता. स्वतःच्या मेहुणीच्या लग्नातला खांबसुद्धा नाही. आणि इथे आठवड्यातून दोनदा तो खोटा लाल टॅग स्वतःच्या हाताने बांधत होता. परतताना बायको मागून म्हणाली, "ताईला विचारलं मी, इतकं कसलं गं नापास करतेस त्यांना. तर म्हणाली, तीस वर्षं ऐकलंय, आता लिहितेय, जरा लिहू दे. आणि हसली. किती दिवसांनी हसली."

पुढच्या रविवारी जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या साडूंनी माझ्या हातात एक लाल टॅग ठेवला. गठ्ठ्यातले शेवटचे पाचच उरले होते. कसब्यात आमच्या गल्लीत एक छापखानावाला आहे, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापतो. त्याच्याकडून असे शंभर करून आणायचे. पुठ्ठा हाच, लाल हाच, भोक कडेपासून सहा मिलिमीटरवर. "हिरवे नकोत?" मी विचारलं. "हिरवा गठ्ठा आहे तसा पडलाय," ते म्हणाले.

छापखान्यात मी टॅग पुढे ठेवला. "किती करायचे?" छापखानावाल्याने विचारलं. मी मनात हिशेब केला. आठवड्याला दोन, वर्षाला शंभर. साडूंनी नेमकं एक वर्ष मागितलं होतं. त्याहून जास्त मागायचं धाडस त्या माणसाला झालं नव्हतं, आणि हे कळलं तेव्हा मला त्याचा इतका राग आला की डोळे भरून आले.

"पाचशे करा," मी म्हणालो.

"एवढं नापास होतं कुठे?"

"वारज्याला."

रविवारी मी गठ्ठा नेऊन दिला. साडूंनी दोरा सोडला, वरचा टॅग उचलला, खिशातून व्हर्नियर काढलं. "भोक अर्धा मिलिमीटर डावीकडे गेलंय," ते म्हणाले. मग त्यांनी गठ्ठ्याची जाडी बघितली. "शंभर सांगितले होते मी."

"पाचशे आहेत."

आतून ताईंचा आवाज आला, "अहो, वाटी आणताय ना?" साडूंनी गठ्ठा दोन्ही हातांत धरला होता. मी वाट बघत होतो, ते आता परत करतील म्हणून.

"राहू द्या," ते म्हणाले. "लागतील." आणि एक टॅग काढून घेऊन ते वाटी न्यायला आत गेले.