वार नसलेला उपास

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासू धोंडुबाई, यांचा उभा जन्म कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर म्हशी पिळण्यात गेला. म्हस गिऱ्हाइकापुढंच पिळायची आन् फेसाळ गिलास हातात द्यायचा, ही आमच्याकडची रीत. पान्हा चोरणारी म्हससुद्धा या बाईच्या हाताखाली डोळे मिटून उभी राह्यची! आता पंचाहत्तरी उलटली. बोटं वाकडी झाली, मूठ मिटंना. आमची चंद्री म्हस तर दुसऱ्या कुणाला दुधाचा थेंब देत न्हाय, लाथ तेवढी देती. शेवटी आमचं मालक म्हणाले, "रविवारी बाजारात नेतो तिला." आत्याबाई उठून गोठ्यात गेल्या.

त्याच आठवड्यात माझ्या लेकीनं, अनुजानं, मोबाईलवर समुद्रातला एक जीव दाखवला. नखाएवढा, काचेसारखा आरपार. इजा झाली, उपासमार झाली, की म्हातारपण टाकून तो परत बाळ होतो म्हणं.

"उपास करतंय व्हय गं ते? कुठल्या वारी?" आत्याबाईंनी विचारलं.

आम्ही पोट धरून हसलो, आन् दुसऱ्या दिवसापास्नं बाईनं अन्न सोडलं. साबुदाणा न्हाय, केळं न्हाय, नुसतं मिठाचं पाणी. माझं कोण ऐकतंय!

गोठ्यात बाज टाकून पडून राह्यच्या. पत्र्याच्या भोकातनं उन्हाची तिरीप यायची, तिच्यात धूळ तरंगायची, आन् तिकडं बघत त्या बोलत सुटायच्या.

"काल मी तिशीतली झाल्ते गं. केस कमरंपतूर. अंग हलकं, पाण्यावर सोडल्यागत. म्हशी बी पोहत हुत्या माझ्याभवती, निळ्या निळ्या."

मग एका दुपारी म्हणाल्या, "आज परकर घातलाय. आई हाक मारतीया पल्याडनं."

"आत्याबाई, लहान होत होत नाहीशा व्हाल की! मी कुणाशी भांडू मग?" मला रडूच आलं.

"बोटं तेवढी सरळ होऊ देत," त्या पुटपुटल्या. "चंद्री जाती की बाजारात."

आस्सा राग आला मला! बाईला उचलली, चंद्रीपाशी बसवली, बादली मांडली, आन् सडाला हात घालून म्हटलं, "ठेवा तुमचे हात माझ्या हातांवर."

गार, वाकडी बोटं माझ्या बोटांवर आली. चंद्रीनं मान वळवून हुंगलं. लाथ बसणार म्हणून मी डोळे मिटले. आत्याबाई काहीतरी गुणगुणत हुत्या. ऐकता ऐकता गोठा कुठं, मी कुठं, कळंना. आन् बादलीत चर्र चर्र धार वाजायला लागली. पिळत कोण हुतं, ते मला आजबी सांगता यायचं न्हाय.

पहिला गिलास मी त्यांच्या तोंडाला लावला.

"उपास मोडंल की."

"मोडू दे!"

घटाघटा प्याल्या. ओठांवरचा फेस पदरानं पुसला. मग माझे हात मांडीवर घेऊन उलटेपालटे करून बघत बसल्या.

"झाली गं," म्हणाल्या, "सरळ झाली माझी बोटं."