नदीकडच्या खिडकीच्या बिजागऱ्या

सांगलीत आम्हाला खोली मिळाली ती नदीकडची, आणि मिळाली कारण तिथं दुसरं कोणी टिकत नव्हतं. स्पष्टच लिहितो. बाकीचे घरमालक आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग त्यांना अचानक पाहुणे येणार असल्याचं आठवायचं. इथल्या मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "खिडकी आपली आपण उघडते. चालतंय का बघा."

खिडकी दुहेरी होती: बाहेर लाकडी झडप, आत काचेची. भर दुपारी, अंगणातलं धुणंसुद्धा हलत नसताना, बाहेरची झडप कण्हत उघडायची. मग आतली काच थरथरून सावकाश आत यायची, कोणी खांद्यानं लोटावी तशी. मागोमाग गाळाचा गार वास.

धर्मांतराला सहा-सात वर्षं झाली होती. देवांचे पितळी टाक आईनं स्वतःच्या हातानं फडक्यात बांधून कृष्णेत सोडले होते, वर साताऱ्याकडं, आमच्या गावच्या डोहात.

"वर सोडलेलं खालीच येणार की," खिडकीकडं बघत ती म्हणाली.

"आये, पितळ वाहत न्हाई. तळाला बसतं."

"बसलेलं उठतंय कवातरी."

तिनं गाठोडं बांधलं. देव न्यायला आलेत, गावी जाते म्हणाली. गावी म्हणजे काय? पुन्हा मेलेली ढोरं ओढायची, पुन्हा दारोदार भाकरी मागायची. ते सोडून तर आम्ही आलो होतो! एका सैल खिडकीपायी माझी आई परत त्या नरकात जाणार? मी सभांमधून घसा फोडून सांगत होतो की देव नाहीत, आणि माझ्याच घरात ते दुपारचे भेटीला येत होते. टाळकंच सटकलं माझं.

झडपा उतरवल्या. दोष उघड होता. चौकट कललेली, स्क्रूंची भोकं झिजून मोठी झालेली. दोन झडपांच्या मधल्या फटीत पिवळी पूड साचली होती.

"भंडारा!" आई म्हणाली.

"हळद हाय, आये. पेठेतनं उडून येती. अख्खी सांगली पिवळी हाय."

"मग ही बोटं कुनाची?"

काचेच्या बाहेरच्या अंगाला बोटं उठली होती खरी. आधीच्या भाडेकरूंची असणार. पण ते कधीच गेले होते, आणि हळद ओलसर होती.

मी भोकांत बांबूच्या काड्या ठोकल्या, लांब स्क्रू पिळले, बिजागऱ्यांत गोडेतेल सोडलं. खालच्या बिजागरीमागं आधार हवा होता, तिथं अंधश्रद्धेवरच्या आमच्या पत्रकाची घडी घातली.

"झाला बाई एकदाचा त्याचा उपेग," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपार भरली. झडपा घट्ट मिटलेल्या. आई गाठोड्याजवळ बसून होती. मग लाकडावर बाहेरून काहीतरी टेकलं. वाजलं नाही, टेकलं. बिजागऱ्या ताणल्याचा बारीक आवाज आला. मी "वारा" म्हणालो आणि खालच्या बिजागरीवर तळवा दाबून धरला.

आई उठली, खिडकीपाशी गेली आणि दारात आलेल्या पाहुण्याला सांगावं तशी बोलली, "आवं, तुमाला सोडलं ते रागानं न्हवं. पर आता आमी येत न्हाई. तुमी जावा."

टेकलेलं सुटलं.

तिनं गाठोडं सोडलं, लुगडी दांडीवर टाकली. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, "तू गप रं. तुजं काम बिजागरीपतुर."