स्वेटरकाकांच्या काळ्या गोळ्या

ऑगस्टात दुबईची माणसं गाडीपासून दारापर्यंत जातानासुद्धा भाजून निघतात. त्याच दिवसांत इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या इमारतीतून एक गृहस्थ तपकिरी लोकरीचा स्वेटर गळ्यापर्यंत बंद करून बाहेर पडायचे. त्यांचं आडनाव आठल्ये. पण माझ्या मुलीने पहिल्याच दिवशी "काका, इट्स फॉर्टी फाइव्ह डिग्रीज!" म्हणून डोळे मोठे केले आणि मी त्यांना स्वेटरकाका करून टाकलं. नाव ठेवण्यात आमचा हात कोण धरणार!

काका मासळीच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये सुपरवायझर होते. उणे अठरात जायचं, बाहेर पंचेचाळिसात यायचं, पुन्हा आत. अशी वीस वर्षं. "थंडी हाडांत मुरलीय, आता ती मुक्कामालाच आहे," असं म्हणायचे. काकू चिपळूणला होत्या, म्हणून शुक्रवारी-रविवारी काकांचा चहा आमच्याकडे. तोही कधी बसून घेतला नाही. कप दोन्ही तळहातांत धरून खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या. "बसलो की गोठतो" हे कारण. त्यांच्याकडे बघून बघून माझा जीव कासावीस व्हायचा, मग मी ओरडायचे, "काका, फरशी झिजली!" ते हसायचे आणि आणखी एक फेरी मारायचे.

मला ते डॉक्टरीणबाई म्हणत. मी डॉक्टर नव्हे, एका फार्मसीत फार्मासिस्ट. हे शंभरदा सांगून झालं. "औषधं देतेस ना? मग झालं," म्हणून काका मोकळे.

तळमजल्यावर लिनबाई राहायच्या. ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारात त्यांचं दिव्यांचं दुकान होतं, पण वडील गावाकडचे वैद्य. मोबाइलमध्ये चिनी बोलायचं, मोबाइल हिंदीत बोलणार, असा त्यांचा आणि काकांचा संवाद. एकदा लिफ्टमध्ये काकांचा गार हात त्यांच्या हाताला लागला आणि त्यांनी तिथेच नाडी धरली. मग जीभ बघितली. मोबाइल म्हणाला, "आपके गुर्दे की आग मंद है." त्यांच्या शास्त्रात म्हणे शरीराची सगळी ऊब मूत्रपिंडात साठलेली असते, तिला यांग म्हणतात. तो यांग उणा पडला की कंबर धरते, पाय गार पडतात, माणूस थकतो. त्यावर आठ वनस्पतींच्या काळ्या गोळ्या, मिरीच्या दाण्याएवढ्या, त्यांच्या चुलत्याने हाताने वळलेल्या.

काका पिशवी घेऊन वर आले ते नाचतच. "डॉक्टरीणबाई, यात दालचिनी आहे, कंद आहे, आणि बचनाग! अगं, हे तर आमच्या आजोबांचंच औषध!" काकांचे आजोबा वैद्य होते.  बचनाग शुद्ध केलेला असला तरी विषच. मी म्हटलं, "काका, तुमची बीपीची गोळी चालू आहे. हे नका घेऊ. निदान डॉक्टरांना दाखवा."

"दाखवतो, इन्शाल्ला."

इथे इन्शाल्ला म्हटलं की विषय खलास. आणि मीही तो तिथेच सोडला. ड्यूटीची घाई होती.

लिनबाईंनी आठ गोळ्या दिवसातून तीनदा सांगितल्या होत्या. पण कोल्ड स्टोअरमध्ये खिशातून काही नेता येत नाही, म्हणून काका चोवीस एकदम सकाळी घ्यायचे. त्यावर आजोबांचं वचन: औषध जिभेला चावलं की लागू पडलं समजावं. या गोळ्या चावेनात, म्हणून त्यांनी मुठीने घ्यायला सुरुवात केली.

एका रविवारी सकाळी चहाला आले आणि चक्क खुर्चीत बसले. चार वर्षांत पहिल्यांदा! माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

"चहाला चवच नाही गं," ते खुशीत म्हणाले. "जीभ झिणझिणतेय, ओठसुद्धा. चावलं एकदाचं!"

मी मनगट धरलं. नाडी दोन ठोके पळायची आणि थांबायची. नवऱ्याने फोन केला, ॲम्ब्युलन्स आली. जाताना मी गोळ्यांची पिशवी उचलली तेवढाच काय तो माझा शहाणपणा. काका दोन दिवस आयसीयूत होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "यांचा थायरॉइड कधी तपासला नाही का? जवळजवळ बंद आहे."

थंडी, थकवा, सुजरा चेहरा, वर्षभर बसलेला आवाज. मी हे सगळं दर आठवड्याला बघत होते. असली लक्षणं मला पाठ आहेत! रोज सकाळी एक इवलीशी पांढरी गोळी, जी मी काउंटरवर दिवसाला वीसजणांना देते, ती सुरू झाली आणि दोन महिन्यांत काकांचा स्वेटर उतरला.

कंपनीने मात्र काकांचं थंडीतलं काम बंद केलं, आणि दुसरं काम त्यांच्याकडे नव्हतं. काका चिपळूणला निघाले. टॅक्सीत बसताना तो स्वेटर त्यांनी माझ्या हातात दिला. "ठेव. तिकडे काय करू? घाम येतोय मला, घाम!" लहान मुलासारखे खूश होते.

टॅक्सी गेली. मी आणि लिनबाई तशाच उभ्या राहिलो. हॉस्पिटलच्या दारात मी त्यांना नाही नाही ते बोलले होते, त्याची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि त्या मोबाइलमध्ये काहीतरी बोलल्या. मोबाइल आपल्या कोरड्या आवाजात म्हणाला, "मैंने पहले ही कहा था, ऊपर डॉक्टर है, उसको दिखाओ. वो बोले, वो तो रोज़ देखती है. कुछ होता तो हँसती नहीं."

आता भर उन्हाळ्यात काउंटरवर कुणी "थंडी वाजते" म्हणालं की मी त्याला स्टुलावर बसवते. कधीपासून, विचारते. हात धरून बघते. मागे रांग वाढते. मॅनेजर लांबून "यल्ला, मॅडम, यल्ला" म्हणत घाई करत राहतो. करू दे.