न केलेल्या प्रार्थनेची साक्ष

पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना मी पहिल्यांदा विमानात बसलो. त्याआधी माझी धाव हैदराबादपर्यंत, तीही मामेबहिणीच्या लग्नासाठी. खुर्चीचा पट्टा मला लागेना. शेजारी बसलेल्या मॅडमनी तो लावून दिला. त्या संभाजीनगरच्या निवृत्त शिक्षिका, आमच्या चौघांच्या गटातल्या. म्हणाल्या, "घाबरू नका सर, प्रभू सोबत आहे."

मी मान हलवली. विमानाची भीती होतीच, पण तिच्याखाली दुसरी एक भीती होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आम्ही केनियातल्या खेड्यांत येशूचं शुभवर्तमान सांगायला चाललो होतो. तिथं जी साक्ष देण्यासाठी मला निवडलं होतं, ती खोटी होती.

साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. जालन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुतेक रविवारी कुणीतरी साक्ष देतं. मी कित्येक वर्षं मागच्या बाकावर बसून नुसती ऐकत आलो. माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं आणि त्याचं मला विशेष वाईटही वाटत नसे.

मी बदनापूरला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. माझ्या टेबलाला टेबल लावून बसतात ते परतूरकडचे, शेतकरी घरातले. त्यांची बायको माझ्या गावची, घनसावंगीजवळची. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आमचं नातं ठरून गेलं. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला मेव्हणे. अठरा वर्षं आम्ही एकाच मोटरसायकलवर जालन्याहून जातो-येतो. दाजी चालवतात, मी मागं दोघांचे डबे मांडीवर धरून बसतो.

मी ख्रिस्ती आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत. नाताळात मी ऑफिसात करंज्या नेतो. दाजी दरवर्षी विचारतात, "मेव्हणे, तुमच्या देवाला बी करंजीच लागती का?" सगळे हसतात, मीही हसतो, आणि विषय संपतो. अठरा वर्षांत मी त्यापुढं एक शब्द बोललो नव्हतो. त्याला मी समंजसपणा म्हणायचो. पण ती भीती होती. हल्ली प्रार्थना असा शब्द निघाला की चार डोळे वळतात, एखादा मोबाइल वर होतो. सरकारी नोकरी आहे, दोन मुलं शिकतायत. कशाला उगाच, असं मी स्वतःला सांगत आलो.

मग दाजींच्या पोटात गाठ निघाली. संभाजीनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेलो. वॉर्डात सहा खाटा, प्रत्येक खाटेपाशी दोन-तीन माणसं. ताई, म्हणजे त्यांची बायको, खाली चहा आणायला गेल्या होत्या. दाजी इकडचं तिकडचं बोलले, साहेबांची टिंगल केली, आणि मग अचानक माझं मनगट धरून म्हणाले, "मेव्हणे, तुमच्यात माणसाजवळ बसून प्रार्थना करतेत म्हणं. माझ्यासाठी करता का?"

"करतो की."

"आता करा ना."

मी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या खाटेपाशी कपाळाला टिळा लावलेला एक तरुण आमच्याकडं बघत होता. कदाचित तो सहजच बघत असेल. मी दाजींचा हात थोपटला आणि म्हणालो, "घरी जाऊन निवांत करतो. तुम्ही झोपा."

त्यांनी मनगट सोडलं.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. मी बसनं जालन्याला आलो. बायकोनं विचारलं, "दाजी कसे आहेत?" मी म्हणालो, "बरे आहेत." जेवलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मासिक अहवाल द्यायचा होता, त्यात डोकं घालून बसलो. दुपारी ताईंचा फोन आला, "ऑपरेशन चांगलं झालं दादा," तेव्हा मला आठवलं की मी प्रार्थना केलीच नव्हती. बुद्धीला पटत नाही म्हणून नव्हे. विसरलो होतो.

गाठ साधी निघाली. महिन्याभरानं दाजी कामावर आले आणि आल्या आल्या साऱ्या ऑफिसासमोर म्हणाले, "डॉक्टरनं कापलं ते बराबर हे, पण मेव्हण्यानं वर फोन लावल्ता!" सगळे हसले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी हसून फाइल उघडली.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते माझ्यापुरतं राहिलं असतं. पण दाजींना बाजारात आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटले आणि त्यांनाही दाजींनी तेच सांगितलं, हात जोडून. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. मी उभा राहिलो आणि साक्ष दिली. पहिल्या वेळी नुसतं म्हणालो, "माझे मित्र बरे झाले, देवाची स्तुती असो." त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या चर्चमध्ये, कुणीतरी विचारलं, "कशी प्रार्थना केली?" आणि मी सांगू लागलो. खाटेपाशी गुडघे टेकले, म्हणालो. सगळा वॉर्ड शांत झाला, म्हणालो. ते चित्र मला इतकं नीट दिसायला लागलं की आपण ते रचलं याचाही मधूनमधून विसर पडे.

केनियातल्या मंडळीचं बोलावणं आलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "ही साक्ष तिकडं गेलीच पाहिजे." पासपोर्ट काढला, पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. परदेशी जायला ऑफिसची परवानगी लागते. तो अर्ज टाइप करायला बसले ते दाजीच.

"प्रयोजन काय टाकू?"

"धार्मिक कार्यक्रम," मी हळूच म्हणालो.

"मोठ्यानं बोला की, चोरी करून राह्यले का?" टाइप करता करता ते म्हणाले, "तिकडं माझं नाव सांगा बरं का. परतूरचा माणूस आफ्रिकेत गाजू द्या जरा."

मला त्या दिवशी डबा गेला नाही.

नैरोबीहून आम्ही दिवसभर बसनं पश्चिमेकडं गेलो. तांबडी माती, मक्याची शेतं, रस्त्याकडेला चपात्या लाटणाऱ्या बाया. त्या लोकांनी मला कुठंही परकं वाटू दिलं नाही. परकेपणा माझ्या तोंडात होता. मी मराठीत बोलायचो, मॅडम त्याचं इंग्रजी करायच्या आणि तिथला एक शिक्षक त्याचं स्वाहिली. माझी खोटी साक्ष अशी दोन प्रामाणिक माणसांच्या तोंडातून पुढं जायची. तीन गावांत मी ती दिली. लोक हात वर करून रडायचे. मी खाली बघायचो आणि त्यांना ती नम्रता वाटायची.

चौथ्या गावात आमची उतरायची सोय एका विधवा आजींच्या घरी होती. आदल्या गावातल्या सभेला त्या आल्या होत्या, माझी साक्ष त्यांनी ऐकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात चहा पीत होतो. आजी स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. त्यांनी माझा हात धरला, आपल्या पोटावर उजव्या बाजूला ठेवला आणि शिक्षकाला काहीतरी सांगितलं. त्यानं मॅडमना सांगितलं, मॅडमनी मला.

"म्हणतायत, त्यांनाही गाठ आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तुम्ही मित्रासाठी ज्या शब्दांनी प्रार्थना केली, त्याच शब्दांनी करा, म्हणतायत."

हाताखाली आजींचा श्वास वरखाली होत होता. मला कुठलीही प्रार्थना म्हणता आली असती, त्यांना मराठी थोडंच कळत होतं? पण त्यांना तेच शब्द हवे होते, आणि ते शब्द जगात नव्हतेच.

मी मॅडमना म्हणालो, "मी त्या मित्रासाठी प्रार्थना केलीच नव्हती."

"काय?"

"त्यांनी मागितली होती. मला लाज वाटली, चार लोक बघत होते. घरी जाऊन करतो म्हणालो आणि विसरून गेलो. बाकी सगळं मी रचलंय."

तीन गावांत माझं बोलणं मॅडमनी डोळ्यांत पाणी आणून इंग्रजीत केलं होतं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "हे मी यांना सांगायचं?"

"सांगा."

त्यांनी सांगितलं. शिक्षक थबकला, मग त्यानंही सांगितलं. मला वाटलं आजी माझा हात झटकून टाकतील. त्यांनी तो सोडला नाही. दोनच वाक्यं बोलल्या. ती माझ्यापर्यंत यायला नको तितका वेळ लागला.

"म्हणतायत, मग तो माणूस अजून वाट बघत असेल. त्याची प्रार्थना अजून व्हायची आहे."

मी तिथंच आजींसाठी प्रार्थना केली. अडखळत, अगदी साध्या शब्दांत. डोळे उघडले तेव्हा मॅडम उठून गेल्या होत्या. उरलेले दिवस मी साक्ष दिली नाही. लोकांना पाणी वाटलं, सतरंज्या घातल्या. परतीच्या विमानात मॅडम एवढंच म्हणाल्या, "पाळकसाहेबांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही." पट्टा या वेळी माझा मीच लावला.

पाळकसाहेबांना सांगितलं. मंडळीतही, जिथं उभं राहून साक्ष दिली होती तिथूनच सांगितलं. काहीजण आता चर्चमध्ये भेटल्यावर मला सलाम करत नाहीत. ते मी सोसू शकतो. दाजींना सांगायला मात्र मला नऊ दिवस लागले. रोज मोटरसायकलवर मागं बसून ठरवायचो, आणि रोज ऑफिस यायचं. दहाव्या दिवशी बदनापूरच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा सांगून टाकलं.

दाजींनी कप खाली ठेवला. "म्हंजे तुम्ही गेल्ते आन् झोपले?"

"हो."

"गाठ साधी निघाली ती निघाली, मेव्हणे. म्या काही बरं होण्यासाठी मागितलं न्हवतं. मला लई भ्या वाटून राह्यलं होतं. जवळ बसून कुणी चार शब्द बोलावं वाटलं." मग उठता उठता म्हणाले, "चला सर, उशीर होतोय."

सर. अठरा वर्षांत पहिल्यांदा. पुढचे कितीतरी दिवस ते मला सरच म्हणत होते. मोटरसायकल होती, डबे होते, पण करंजीची टिंगल करणारा माणूस नव्हता.

मग एका सोमवारी त्यांनी टेबलावरून वर न बघताच म्हटलं, "उद्या तपासणीला बोलवलंय संभाजीनगरला. तुमच्या ताईच्या गुडघ्याला सूज आहे, तिला येणं होत न्हाई. तुम्ही येता का?"

"येतो."

"यायचं तर नीट यायचं."

मला अर्थ कळला. त्या रात्री मी विमानात भ्यालो होतो त्याहून जास्त भ्यालो. केनियात मला कुणी ओळखत नव्हतं. तिथं धीट होणं सोपं होतं, खोटं बोलायला आणि खरं बोलायलाही.

दवाखान्याच्या बोळात लाकडी बाक होते, भरलेले. आमच्याच तालुक्यातले दोन चेहरे मी ओळखले. दाजी फाइल छातीशी धरून बसले होते आणि त्यांचा एक पाय सारखा हलत होता. ते काहीच मागत नव्हते. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणालो, "देवबापा, यांना भीती वाटतेय. यांच्याजवळ राहा. मलाही राहू दे. येशूच्या नावानं मागतो, आमेन."

डोळे उघडले. समोरची एक बाई बघत होती. दुसरं कुणीही नाही.

"एवढंच व्हय?" दाजींनी विचारलं.

"एवढंच."

"मंग त्या दिवशी एवढ्यासाठी काहून भेले मेव्हणे तुम्ही?"

आतून त्यांचा नंबर पुकारला. दाजींनी फाइल माझ्या हातात दिली, चपला दारात काढल्या आणि मागं वळून म्हणाले, "या ना आत. तिथंच बसता काय?"